विहीर खणली तर काय लागेल?

गेल्या रविवारी कागदपत्रांचं कपाट आवरायला काढलं. दोन तासांत होईल असं वाटलं होतं, पण नेहमीप्रमाणे एक जुनी फाईल हाताला लागली आणि मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले. 2019 साली इथे फ्रीमाँटला घर घेतलं तेव्हाची ती फाईल. तिच्यात एक नकाशा आहे, आणि नकाशाच्या कडेला माझ्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलंय, ‘बाबा विचारतायत, विहीर खणली तर काय लागेल?’

घरच्या मंडळींना बाबांचे प्रश्न नवे नाहीत. पण या एका प्रश्नापायी मी नंतर कितीतरी महिने भूकंपांबद्दल वाचत होते. तेव्हा लिहायचं राहून गेलं, ते आज लिहिते आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

झालं होतं असं. आम्हाला दोन घरं पसंत पडली होती. एक टेकड्यांच्या बाजूला, हेवर्ड फॉल्टपासून दीडेक मैलावर. दुसरं खाडीच्या बाजूला, फॉल्टपासून जवळजवळ पाच मैल. दुसरं मोठं होतं, अंगण छान होतं. एजंट म्हणाला, भूकंपाची भीती असेल तर दुसरंच घ्या, ते फॉल्टपासून लांब आहे. मलाही ते पटलं. फॉल्ट म्हणजे भ्रंश, जमिनीतली भेग. तिच्यापासून जितकं लांब तितकं बरं, यात न पटण्यासारखं काय आहे?

मग कागदपत्रांचा गठ्ठा आला. कॅलिफोर्नियात घर विकणाऱ्याला कायद्यानं सांगावं लागतं, की जागा फॉल्टच्या पट्ट्यात येते का, दरड कोसळण्याच्या पट्ट्यात येते का, आणि द्रवीकरणाच्या पट्ट्यात येते का. फॉल्टचा कायदा 1972 चा, बाकी दोन पट्ट्यांचा 1990 चा. पहिलं घर तिन्हींच्या बाहेर होतं. दुसरं द्रवीकरणाच्या पट्ट्यात.

द्रवीकरण हा शब्द कठीण वाटला तरी प्रकार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दापोलीजवळ मुरुडच्या किनाऱ्यावर आपण लहानपणी ओल्या वाळूवर एकाच जागी थयथय नाचायचो, आठवतंय? आधी घट्ट असलेली वाळू हळूहळू लिबलिबीत व्हायची, पाणी वर यायचं आणि पाय आत जायचे. भूकंपात नेमकं तेच होतं. वाळूचे कण एकमेकांना धरून असतात ते हादऱ्यानं सुटतात, मधल्या पाण्यावर दाब येतो आणि जमीन काही क्षण पातळ झाल्यासारखी वागते. फक्त तिच्यावर तेव्हा आपण नाही, घर उभं असतं.

त्या रात्री फोनवर बाबांना दोन्ही घरांबद्दल सांगितलं. किंमत, शाळा, स्टेशन किती लांब, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “दोन्हीकडं विहीर खणली तर काय काय लागेल?”

मी म्हटलं, “बाबा, इथे कोण विहीर खणतंय!”

“खणू नका गं. पण लागेल काय?”

हा प्रश्न कुठून आला ते सांगायला 1967 सालात जावं लागेल. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. पाटण तालुक्यातलं आमचं गाव. 11 डिसेंबरच्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला. 6.3 तीव्रतेचा. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे 200 माणसं गेली. आमच्या गावात माणूस गेलं नाही, पण घरं पडली. आमचं घर वरच्या आळीत, कातळावर. त्याच्या एका भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली, एवढंच. ओढ्याकाठची आळी मळीच्या जमिनीवर होती. तिथल्या निम्म्या भिंती आडव्या झाल्या. भिंती दोन्हीकडे सारख्याच होत्या, दगडमातीच्या. आजोबा सकाळी सगळीकडे फिरून आले आणि म्हणाले, “तिकडं खाली सतरा हात गाळ आहे.”

त्यांना हे माहीत होतं, कारण त्या भागातल्या बऱ्याच विहिरी त्यांच्या देखत खणल्या गेल्या होत्या. त्यांची एक वही होती. मजुरीचा हिशोब, सुरुंगाच्या दारूचा हिशोब, आणि त्याच्याच बाजूला खाली काय लागलं त्याची नोंद. काळी दीड हात, पिवळी माती चार हात, मुरूम सात हात, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. किती परसावर पाणी लागलं तेही. भूकंपासाठी म्हणून त्यांनी हे लिहिलं नव्हतं, पुढची विहीर कुठे घ्यायची ते कळावं म्हणून लिहिलं होतं. पण बाबांच्या डोक्यात तेव्हापासून बसलं, की घर कसं आहे ते बघताना घराखाली काय आहे तेही बघायचं.

मी मात्र संगणकाच्या क्षेत्रातली. मला वाटलं, हे गावाकडचं शहाणपण इथे काय कामाचं? म्हणून वाचायला बसले, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हीच गोष्ट लोक दीडशे वर्षं शिकताहेत आणि विसरताहेत.

21 ऑक्टोबर 1868. आमच्या घराजवळून जाणाऱ्या याच हेवर्ड फॉल्टवर मोठा भूकंप झाला. फ्रीमाँटमधलं मिशन सॅन होजेचं कच्च्या विटांचं जुनं चर्च त्यात कोसळलं. फॉल्ट खाडीच्या या बाजूला, तरी पलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोतही पडझड झाली, आणि ती मुख्यतः भरावाच्या जमिनीवर. 1849 च्या सोन्याच्या धामधुमीत माणसं जहाजं तशीच टाकून खाणींकडे धावली होती. ती जहाजं, कचरा, वाळू असं मिळेल ते टाकून खाडीचा काठ बुजवला होता. आजही तिथे पाया खणताना त्या जहाजांचे सांगाडे सापडतात. चौकशीला समिती बसली, पण तिचा अहवाल कधी प्रसिद्धच झाला नाही.

मग 18 एप्रिल 1906, पहाटे 5 वाजून 12 मिनिटं. हा भूकंप सगळ्यांना माहीत आहे. सॅन अँड्रियास फॉल्ट जवळजवळ 477 किलोमीटर लांब फाटला, मागून आग लागली, सुमारे 3000 माणसं गेली. शहरातल्या वजनदार मंडळींनी ‘भूकंप’ म्हणण्यापेक्षा ‘आग’ म्हणणं पसंत केलं. आग कुठल्याही शहराला लागू शकते, भूकंप म्हटलं की गुंतवणारे पैसे काढून घेतात. पण राज्यानं नेमलेल्या आयोगानं नेट लावून काम केलं. बर्कलीचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू लॉसन त्याचे प्रमुख. 1908 साली त्यांचा अहवाल आला, सोबत नकाशांचा मोठा संच.

या अहवालात मला सगळ्यात आवडलेलं काम हॅरी वुड यांचं आहे. त्यांनी सॅन फ्रान्सिस्को शहर रस्त्यारस्त्यानं तपासून कुठे किती हादरा बसला असेल ते पाच श्रेणींत मांडलं आणि तो नकाशा जमिनीच्या नकाशाशी ताडून पाहिला. टेकडीच्या खडकावर हादरा कमी, दऱ्यांतल्या मातीवर जास्त, आणि बुजवलेल्या खाड्या, ओढे, दलदली यांवर सगळ्यात जास्त. फॉल्टपासूनचं अंतर शहरभर साधारण सारखंच होतं, पण काही शे फुटांत चित्र पालटत होतं. व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरचं चार मजली हॉटेल बुजवलेल्या ओढ्याच्या जागेवर होतं. ते खचून कोसळलं आणि खालच्या मजल्यांवरचे लोक आत अडकले. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला भरावावर मजुरांच्या स्वस्त खानावळी आणि भाड्याच्या खोल्या होत्या, तिथेही तेच.

त्याच अहवालात स्टॅनफर्डचे प्राध्यापक एफ. जे. रॉजर्स यांचा एक प्रयोग आहे. त्यांनी एका पेटीत वाळू भरली, ती यंत्रानं मागेपुढे हलवली, आणि वाळूचा वरचा थर पेटीच्या मानानं किती हलतो ते मोजलं. वाळू ओली असली की वरचा थर पेटीपेक्षा जास्त हलत होता. घरी करून बघायचं असेल तर एका ताटलीत चिक्कीचा तुकडा ठेवा आणि शेजारी खरवसाची वडी. ताटलीला हलकासा धक्का द्या. चिक्की ताटलीबरोबर सरकते, खरवस धक्का थांबल्यावरही डुलत राहतो.

म्हणजे 1908 साली सगळं छापून तयार होतं. कुठली जमीन वाईट, का वाईट, नकाशासकट. आता पुढचं ऐका.

1915 साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरवायचं ठरलं. पनामा कालव्याचा उत्सव आणि त्याबरोबर शहर राखेतून उभं राहिलं हे जगाला दाखवायची संधी. त्यासाठी शहराच्या उत्तर काठावरचं उथळ पाणी खाडीतला गाळ आणि वाळू उपसून बुजवलं. प्रदर्शन झालं, मांडव मोडले, आणि 1920 च्या दशकात त्या जमिनीवर सुंदर घरं उठली. तोच आजचा मरीना भाग. भूकंपातून सावरल्याच्या आनंदात त्यांनी भूकंपाला सगळ्यात वाईट अशी नवी जमीन तयार केली, अहवाल येऊन दहा वर्षंही झाली नव्हती.

1936-37 मध्ये खाडीत चक्क एक नवं बेट बांधलं, ट्रेझर आयलंड. तेही 1939 च्या प्रदर्शनासाठी, तसंच वाळू उपसून. शेजारी येर्बा बुएना हे खडकाचं नैसर्गिक बेट आहे. दोन्ही बेटं जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीनं जोडलेली. बे ब्रिजवरून जाताना दोन्ही एका नजरेत दिसतात. आमच्याकडे आलेल्या सगळ्या पाहुण्यांनी त्यांचे फोटो काढले आहेत, पण त्यांची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती.

मधल्या काळात अभ्यास थांबला होता असं नाही. रॉजर बोर्चर्ट या शास्त्रज्ञानं 1970 साली एक मजेशीर काम प्रसिद्ध केलं. मोठ्या भूकंपाची वाट बघत बसायचं कशाला? शेजारच्या नेवाडा राज्यात अमेरिकेचे भूमिगत अणुस्फोट चालू होते. त्यांचे क्षीण हादरे खाडीभोवतीच्या खडकावर, गाळावर आणि चिखलावर उपकरणं ठेवून मोजले. एकाच स्फोटाच्या लाटा, पण चिखलावर त्या खडकापेक्षा कितीतरी पट मोठ्या.

19 सप्टेंबर 1985 ला मेक्सिको सिटीनं हे जगाला फार क्रूरपणे दाखवलं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, प्रशांत महासागराच्या काठावर. मधल्या गावांपेक्षा राजधानीत जास्त माणसं मेली, हजारोंनी. कारण शहराचा मोठा भाग टेक्सकोको तळ्याच्या तळावर वसलाय. हे तळं शतकानुशतकं बुजवत आणलेलं. तिथली चिकणमाती दोन सेकंदांच्या तालावर डुलली, आणि साधारण सहा ते पंधरा मजली इमारतींचा झोकाही त्याच्याच आसपासचा. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का देत राहिलं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

चार वर्षांनी, 17 ऑक्टोबर 1989 ला संध्याकाळी 5 वाजून 4 मिनिटांनी, पाळी इथली होती. लोमा प्रिएटाचा भूकंप 6.9 चा, केंद्र सॅन फ्रान्सिस्कोपासून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला. तरी मरीनात घरं कोसळली, आग लागली. जमिनीतून वाळूचे छोटे ज्वालामुखी उसळले आणि त्यांतून जळक्या लाकडाचे तुकडे आणि डांबरी कागदाचे कपटे वर आले, जुन्या ढिगाऱ्यातले. शहरानं पुरून टाकलेलं जमिनीनं वर काढून दाखवलं. येर्बा बुएनाच्या खडकावर जेवढा हादरा मोजला गेला, त्याच्या दुपटीहून जास्त शेजारच्या ट्रेझर आयलंडवर.

आणि ओकलंडमधला सायप्रस उड्डाणपूल. दुमजली रस्ता, त्याचा वरचा मजला खालच्यावर बसला आणि तिथे 42 माणसं गेली. पुलाचं कामच कमजोर होतं, हे खरं. पण तो सगळा सारखा पडला नाही. जो भाग पडला तो खाडीच्या चिखलावर होता, आणि जो उभा राहिला तो त्यापेक्षा घट्ट जमिनीवर. नंतर शास्त्रज्ञांनी दोन्हीकडे उपकरणं ठेवून मागाहूनचे छोटे धक्के मोजले, तेव्हा चिखलावर ते कित्येक पट जास्त भरले.

माझ्या फाईलमधला तो नकाशा याच भूकंपानंतरच्या कायद्यातून आला. 1908 चा अहवाल कपाटात राहिला होता. 1990 नंतर तीच माहिती घर विकणाऱ्याच्या सहीनं घर घेणाऱ्याच्या हातात द्यावी लागू लागली.

मावशी, तू मागे विचारलं होतंस की हे लोक जमिनीखालचं बघतात कसं. सोनोग्राफीसारखं एकच यंत्र नसतं. तुकडे गोळा करावे लागतात. पहिलं म्हणजे विहिरी! पाण्याच्या, तेलाच्या, पुलाच्या पायासाठी घेतलेल्या बोअरच्या नोंदी. किती फुटांवर चिकणमाती, किती फुटांवर वाळू, किती फुटांवर गोटे, पाणी कुठे लागलं. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. आजोबांची वहीच की ही!

दुसरं गुरुत्वाकर्षण. गाळ खडकापेक्षा हलका असतो. त्यामुळे खोल गाळाच्या वर पृथ्वीची ओढ अगदी किंचित कमी भरते, आणि ती मोजणारी उपकरणं आहेत. तिसरं चुंबकत्व, विमानातून फिरून मोजलेलं. चौथं लाटांचा वेग. जमिनीला धक्का देऊन लाट किती वेगानं जाते ते बघायचं. आडव्या हलणाऱ्या लाटेचा वरच्या 30 मीटरमधला सरासरी वेग हा यातला कळीचा आकडा. चांगल्या खडकात तो सेकंदाला 760 मीटरच्या वर असतो, मऊ चिखलात 180 च्या खाली. लाट संथ झाली की तिची उंची वाढते, समुद्राची लाट किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात येताना उंच होते तशी. आता 30 मीटर म्हणजे सोळा-सतरा परस. आजोबांच्या वहीची मजल जवळजवळ तिथवर जात होती.

1906 च्या शताब्दीच्या निमित्तानं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं हे सगळे तुकडे जोडून या परिसराच्या जमिनीचं त्रिमितीय मॉडेल तयार केलं. आधी फॉल्टच्या पात्यांनी कापलेले मोठे ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यात थर, प्रत्येक थराला लाटेचा वेग. मग ते लहान लहान घरांत वाटून संगणकात 1906 चा भूकंप पुन्हा घडवला. पाच वेगवेगळ्या गटांनी घडवला, म्हणजे कोणाची चूक असेल तर दिसेल.

मला त्यातली सांता रोझाची गोष्ट फार लागून राहिली. 1906 साली शहराच्या आकाराच्या मानानं सगळ्यात जास्त नाश या गावाचा झाला होता, आणि ते तर सॅन अँड्रियास फॉल्टपासून तीसेक किलोमीटर आत. हे कोडं शंभर वर्षं तसंच होतं. गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांतून कळलं की गावाखाली गाळानं भरलेलं खोल खोरं दडलंय. वरून सपाट शेतं, खाली परातीसारखा खडक. मॉडेलमध्ये लाट त्या परातीत शिरली की काठावर आपटते, मागे फिरते, पुढच्या लाटेवर चढते. पाण्यानं भरलेली परात उचलून चालताना काठाशी पाणी कसं उसळतं, तसं. सिलिकॉन व्हॅलीखालीही अशी दोन खोरी सापडली, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला. वरून ती कोणाला दिसत नाहीत, त्यांच्यावर ऑफिसं आहेत. माझंही होतं.

पूर्वी नुकसानीचा अंदाज बांधताना नकाशावर फॉल्टभोवती अंतराची वलयं काढली की बरंचसं काम झालं असं मानत. आता तीन गोष्टींचा गुणाकार करतात. या जागेची जमीन किती हलेल, तिच्यावर कसली घरं आहेत, आणि तेवढ्या हादऱ्याला तसलं घर किती मोडतं. यासाठीचं हॅझस नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकन सरकारनं 1997 साली आणलं. पहिली संख्या ढोबळ असेल तर पुढचं सगळं ढोबळ. जमीन नीट मांडली तर कळतं, की कुठल्या दवाखान्याकडे आधी लक्ष द्यायचं आणि कुठली पाण्याची लाईन आधी बदलायची.

2018 साली हेवर्ड फॉल्टवरच्या 7.0 च्या काल्पनिक भूकंपाचा असा हिशोब प्रसिद्ध झाला. सुमारे 800 मृत्यू, 18,000 जखमी, खाडीच्या पूर्वेला काही ठिकाणी सहा-सहा महिने नळाला पाणी नाही. फॉल्ट आमच्या गावातून जातो. फ्रीमाँट स्टेशनजवळच्या एका तळ्याकाठी चर खणून तिथल्या थरांवरून शास्त्रज्ञांनी गेल्या 1900 वर्षांतले बारा भूकंप मोजलेत. सरासरी दीडशे-एकशे साठ वर्षांनी एक. शेवटचा 1868 चा. हिशोब तुम्हीच करा, मी रात्री करत नाही.

मॉडेललाही मर्यादा आहेत, त्याही सांगते. शताब्दीच्या त्या मॉडेलला लांब, संथ लाटा चांगल्या जमतात. लहान घराला हलवणाऱ्या जलद थरथरीसाठी वेगळे हिशोब जोडावे लागतात. आणि नकाशातला पट्टा वस्तीबद्दल बोलतो, एका घराबद्दल नाही. शिवाय जमीन कितीही चांगली असली तरी फॉल्टजवळ राहण्याचा धोका संपत नाही. आणि भिंतच वाईट असेल तर खडक वाचवत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही. विसर्जनाच्या मिरवणुकांनंतर झोपलेली माणसं दगडमातीच्या जड भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. नंतर तिथे बोअर घेतलं तेव्हा काळ्या पाषाणाचे थर 338 मीटरपर्यंत लागले, म्हणजे गाव काही कुठल्या बुजवलेल्या तळ्यावर नव्हतं.

पण जमिनीची गोष्ट आपल्याकडेही आहेच. 26 जानेवारी 2001 चा भूकंप भुजजवळचा, आणि दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेत बहुमजली इमारती पडून सातशेच्या वर माणसं गेली. खाली पार्किंगसाठी मोकळे ठेवलेले खांब हे एक कारण, आणि साबरमतीचा जुना गाळ हे दुसरं. जबलपूर, दिल्ली, गुवाहाटी, कोलकाता अशा शहरांसाठी असे बारीक नकाशे झाले आहेत. आणि बाबांना सांगितल्यावर त्यांची छाती फुगली ती गोष्ट म्हणजे कराडला यासाठी खास प्रयोगशाळा आहे, आणि कोयनेजवळ गोठण्याला 2017 पर्यंत तब्बल तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय. सव्वा किलोमीटर काळा पाषाण, मग त्याखाली ग्रॅनाइट. “एवढे परस?” बाबा म्हणाले आणि हिशोब करत बसले.

घराचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही टेकडीकडचं घेतलं. फॉल्टजवळचं! जुनं लाकडी घर, म्हणून त्याची चौकट खालच्या काँक्रीटच्या पायाला मोठ्या बोल्टांनी आवळून घेतली. गॅसचा कॉक कुठे आहे ते मुलांनाही दाखवून ठेवलंय.

खाडीकडचं घर पुढे आमच्याच ओळखीतल्या एका मराठी कुटुंबानं घेतलं. मी न राहवून त्यांना नकाशाबद्दल बोलले. त्यांनी तो पाहिलेला होता. म्हणाले, “आम्हाला परवडणारं आणि ऑफिसच्या जवळचं तेवढंच होतं. पाणी भरून ठेवू, विमा काढू.” मी गप्प बसले. कोयनेच्या वेळी ओढ्याकाठची आळी कोणाची होती? ज्यांना वर जागा मिळाली नाही त्यांची. 1906 साली भरावावरच्या खोल्यांत मजूर राहत होते. मरीनातल्यासारखे श्रीमंतही कधी फसतात, पण ते विसरल्यामुळे. बाकीच्यांना माहीत असूनही दुसरी जागा नसते. एकट्यादुकट्यानं नकाशा बघून शहाणं होण्यानं हे सुटत नाही. म्हणूनच ते अंदाज सरकारच्या आणि पाणीखात्याच्या टेबलावर असायला हवेत असं मला वाटतं. चिखलावरच्या वस्तीची पाण्याची लाईन आधी बदलली जावी, यासाठी. वही घरात असून उपयोग नाही, गावाला वाचून दाखवावी लागते.

2023 च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबांनी मागच्या अंगणात कढीपत्ता लावायला खड्डा घेतला. मी म्हटलं, बाबा, गुडघे सांभाळा, नवरा करेल. पण ऐकतात थोडेच. गुडघाभर गेल्यावर फावड्याला खणकन काहीतरी लागलं. त्यांनी खाली बसून चार-पाच दगड काढले. गोलसर, गुळगुळीत गोटे.

“ओढा होता इथं कधीतरी,” ते म्हणाले. “पण गोटे आहेत, गाळ नाही. बरं आहे.”

मग हात धुऊन आले आणि म्हणाले, “लिहून ठेव. दीड हात काळी, मग गोटे.”

मी ते त्या फाईलमधल्या नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. रविवारी कपाट आवरताना तेही सापडलं.